सिस्टरची वर्षं कोण मोजतं? पैनगंगेच्या काठावरून पगाराचा एक इतिहास



पेटची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, "ताई, विषय तर सुचला, पण त्याचा संशोधनप्रश्न कसा करायचा?" आज एक उदाहरण घेऊनच सांगते. विषय असा: वेगवेगळ्या भागांत काम करणाऱ्या अनुभवी नर्सना न्याय्य पगार मिळतो का?

हा विषय मला पुस्तकातून मिळाला नाही, घरातून मिळाला. माझी मावशी एकोणीस वर्षं खासगी दवाखान्यांत सिस्टर आहे. मागे एकदा तिनं दवाखाना बदलला, तेव्हा नव्या ठिकाणी तिला नुकत्याच पास झालेल्या मुलीएवढाच पगार सांगितला. घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "माझी एकोणीस वर्षं कुठं गेली गं?" मी एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सची. मला वाटलं, सोपं आहे, दोन भागांतले पगार घ्यायचे, सरासरी काढायची, फरक तपासायचा. तसं झालं नाही. का झालं नाही, तोच हा लेख.

आधी नकाशा बघा

हिमायतनगरला उभे राहा. गावाचं जुनं नाव वाढोणा. उत्तरेला पैनगंगा आणि नदीपलीकडे उमरखेड, म्हणजे वऱ्हाड. पूर्वेकडे रेल्वेनं गेलात तर किनवट आणि पुढे आदिलाबाद. आज यात एक राज्यसीमा लागते, पण 1948 च्या आधीचा नकाशा वेगळा होता. हिमायतनगर, किनवट, आदिलाबाद ही सगळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती, आणि नदीपलीकडचं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली, मध्य प्रांतासोबत. म्हणजे नदी ओलांडली की सरकार बदलायचं, आणि त्याबरोबर नाणंही.

70 मोठे की 60?

आपल्याकडची जुनी माणसं अजून 'हाली' आणि 'कलदार' हे शब्द वापरतात. हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार म्हणजे इंग्रजी राज्याचा. ठरलेला दर होता 7 हालीला 6 कलदार. आता समजा (हा आकडा फक्त समजण्यासाठी घेतलाय), संस्थानातल्या नर्सला 70 रुपये आणि वऱ्हाडातल्या नर्सला 60 रुपये. कागदावर संस्थानातली नर्स पुढे दिसते. हिशोब केला तर दोघी सारख्याच! हाली रुपया 1948 नंतरही लगेच गेला नाही. तो चलनातून कायमचा बाद झाला 1959 मध्ये. त्यामुळे त्या काळातला पगाराचा कोणताही आकडा हाती आला की पहिला प्रश्न हा: कोणते रुपये?

दुसरा सापळा. नर्सिंगच्या इतिहासावर लिहिणारे जवळजवळ सगळे भोर समितीपासून सुरुवात करतात. 1946 च्या त्या अहवालात देशात सुमारे 7,000 नर्स असल्याचं म्हटलंय, म्हणजे अंदाजे 43,000 लोकांमागे एक. आकडा धक्कादायक आहेच, पण समितीची पाहणी ब्रिटिश हिंदुस्थानापुरती होती. हैदराबाद संस्थान, म्हणजे आपला मराठवाडा, त्या मोजणीत नव्हता. ही संख्या सरळ उचलून 'मराठवाड्यातली स्थिती' म्हणून प्रबंधात टाकली, तर परीक्षक तिथंच थांबवतील. कागद हवे असतील तर हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात जावं लागतं, आणि संस्थानाचा कारभार उर्दूत असल्यामुळे थोडी उर्दू शिकावी लागते. मी सध्या अलिफ-बे गिरवतेय.

1 नोव्हेंबर 1956

आता या विषयातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा दिवस. राज्य पुनर्रचना कायदा लागू झाला आणि हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात आला. तोवर आदिलाबाद जिल्ह्यात असलेलं किनवट नांदेडला जोडलं गेलं. नांदेड जिल्ह्यातलं मुधोळ उलट आदिलाबादला, म्हणजे आंध्र प्रदेशात गेलं. यवतमाळ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलं.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनो, हे नीट बघा. 31 ऑक्टोबरला किनवटची आणि मुधोळची सरकारी नर्स एकाच सरकारची नोकर होती. दुसऱ्या दिवशी दोघींचे मालक वेगळे. शिक्षण तेच, काम तेच, बदलला तो फक्त पगार देणारा. प्रयोगशाळेत आपण जे मुद्दाम घडवतो, ते इथं इतिहासानं आपोआप घडवलं. याला 'नैसर्गिक प्रयोग' म्हणतात. अर्थात तो शुद्ध नाही, कारण कोणता कर्मचारी शेवटी कोणत्या राज्याच्या वाट्याला, हे केंद्र सरकार ठरवणार होतं. गावावरून माणसाचं राज्य गृहीत धरता येत नाही.

त्याच वेळी सरकारला एक अवघड प्रश्न सोडवावा लागला: मुंबईची नर्स आणि हैदराबादची नर्स समान धरायच्या का? पदांची बरोबरी ठरवायला चार कसोट्या होत्या: कामाचं स्वरूप, जबाबदारी व अधिकार, भरतीसाठी लागणारी किमान पात्रता, आणि पदाचा पगार. कसोट्यांमध्ये पगार शेवटी आहे, हे लक्षात ठेवा. बरोबरी ठरली की ज्येष्ठता लावायची ती त्या पदावरच्या सलग सेवेवरून. शिवाय कायद्याच्या 115 व्या कलमात अट होती, की केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय आधीच्या सेवाशर्ती कर्मचाऱ्याचं नुकसान होईल अशा बदलायच्या नाहीत.

अंमलबजावणीत भांडणं झाली, ज्येष्ठतेचे खटले पुढे कित्येक वर्षं चालले. पण तत्त्व स्पष्ट होतं. राज्य बदललं तरी सिस्टरची वर्षं तिच्या सेवापुस्तकासोबत पुढे जाणार.

आजचे आकडे

आता पटकन आजकडे येऊ. 2023 मध्ये राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागानं अधिपरिचारिकांची भरती काढली, तिची वेतनश्रेणी 35,400 ते 1,12,400. केंद्राच्या एम्समध्ये त्याच पदाचं मूळ वेतन 44,900 पासून सुरू होतं. नागपुरात दोन्ही आहेत, राज्याचं मेडिकल आणि केंद्राचं एम्स. शहर एकच, महागाई एकच. वेतनाच्या तक्त्यात 35,400 वरून 44,900 ला पोचायला आठ वार्षिक वेतनवाढी लागतात. म्हणजे एक जण आठ वर्षांनी जिथं पोचते, तिथून दुसरी सुरुवात करते. हा फरक प्रदेशाचा नाही, मालकाचा आहे.

प्रदेशाचा फरक घरभाड्यात दिसतो. सातव्या वेतन आयोगात सुरुवातीला शहरांच्या वर्गाप्रमाणे 24, 16 आणि 8 टक्के घरभाडे भत्ता होता. 35,400 वर मुंबईत 8,496 रुपये, हिमायतनगरसारख्या गावात 2,832. फरक 5,664 रुपयांचा. एवढ्यात मुंबईत खोली मिळेल का? म्हणजे कागदावर जास्त घेणारी मुंबईची सिस्टर प्रत्यक्षात मागे असू शकते. हाली-कलदारचाच धडा, फक्त नाणं आता एक झालंय.

मग मावशीची वर्षं कुठं गेली?

वरचा सगळा हिशोब ज्यांच्याकडे सेवापुस्तक आहे त्यांचा. खासगी दवाखान्यांसाठी 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्रानं समिती नेमली. तिची शिफारस अशी: 200 पेक्षा जास्त खाटा असतील तर राज्य सरकारच्या नर्सइतका पगार, 100 च्या वर असतील तर फार तर 10 टक्के कमी, 50 ते 100 असतील तर फार तर 25 टक्के कमी, आणि 50 पेक्षा कमी खाटा असतील तर किमान 20,000 रुपये.

वरवर यात प्रदेशाचं नावही नाही. पण 200 खाटांचे खासगी दवाखाने कुठं असतात? पुण्या-मुंबईत. तालुक्याच्या गावी दहा-वीस खाटांचेच. म्हणजे खाटांचा नियम आपोआप प्रदेशाचा नियम होतो. आणि शेवटच्या गटात तर अनुभवाला जागाच नाही. वीस हजार पहिल्या वर्षालाही, एकोणिसाव्यालाही. तीही शिफारसच, राज्यांनी कायदा केला तरच बंधनकारक.

कंत्राटी सिस्टरची गोष्ट थोडी वेगळी. त्याच 2016 च्या ऑक्टोबरात, पंजाबच्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं 'समान काम, समान वेतन' तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना लागू केलं. निकाल मोठा होता. पण हक्क मान्य झाला तो श्रेणीच्या किमान टप्प्याचा. श्रेणीची पहिली पायरी मिळाली, वरच्या पायऱ्या नाहीत. आणि अनुभव म्हणजे त्या वरच्या पायऱ्याच ना!

म्हणून माझा संशोधनप्रश्न बदलला. 'मुंबई विरुद्ध मराठवाडा' असा तो राहिला नाही. आता तो असा आहे: नर्सच्या अनुभवाची वर्षं कोणत्या मालकाकडे मोजली जातात, आणि न मोजणारे मालक कोणत्या भागात जास्त आहेत? हा तपासता येतो. 1956 मध्ये दोन राज्यांच्या सिस्टरांची वर्षं जुळवता आली होती, त्यामुळे 'अनुभव मोजणं शक्यच नाही' असं कुणी म्हटलं तर ते मला पटत नाही.

तुमच्या विषयालाही हेच चार प्रश्न लावून बघा: एकक कोणतं? मोजणीत कोण राहून गेलं? सीमा कुणी आखली? आणि ज्या गोष्टीची तुलना करायचीय, तिची नोंद कोण ठेवतं?

मावशीला मी हे सगळं सांगितलं. तिनं कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत पाच दवाखान्यांची अनुभवाची पत्रं, दोन तर साध्या लेटरहेडवर हातानं लिहिलेली. मी तारखा जुळवल्या. मधले चौदा महिने कुठंच नाहीत. त्या दवाखान्यानं पत्रच दिलं नव्हतं.

आता माझ्या प्रश्नावलीत पहिला प्रश्न पगाराचा नाही. पहिला प्रश्न आहे: "तुमच्या किती वर्षांचा कागद तुमच्याकडे आहे?"