प्रकल्प व्यवस्थापन सॉफ्टवेअर, मोठ्या संस्थांसाठीचे : किंमत व परवाने

एकाच वेळी अनेक प्रकल्प चालवणाऱ्या कंपन्या, ठेकेदार आणि महामंडळे वेळापत्रक, मनुष्यबळ, खर्च व मंजुऱ्या एका जागी ठेवण्यासाठी जी सॉफ्टवेअरे घेतात, त्यांच्या विक्रीच्या अटी आणि त्यांवर होणारा खर्च. ओरॅकलचे प्रिमाव्हेरा पी६, मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट व त्याच्या सर्व्हर-आवृत्त्या, ब्रॉडकॉमचे क्लॅरिटी, प्लॅनव्ह्यू आणि अटलासियनचे जिरा ही यांतील ठळक नावे. पैसे मोजून मिळते ती वापराची परवानगी. मालकी विक्रेत्याकडेच राहते. त्यामुळे सॉफ्टवेअर काय काय करते यापेक्षा ‘वापरकर्ता’ कोणाला म्हणायचे, यावर बिलाचा आकडा अधिक ठरतो. करारातली ही एक व्याख्या बदलली, की तेच सॉफ्टवेअर तेवढ्याच माणसांना कितीतरी महाग पडते.

पूर्वपीठिका : वेळापत्रकाचे गणित आधी आले, त्याची विक्री नंतर. ड्यू पाँट आणि रेमिंग्टन रँड या अमेरिकी कंपन्यांनी १९५७ च्या सुमारास ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत बसवली. १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पातून ‘पर्ट’ आली. असली गणिते करणारे प्रोग्रॅम तेव्हा मेनफ्रेम यंत्रांवर चालत. यंत्राबरोबर सॉफ्टवेअर येई आणि त्याचे पैसे यंत्राच्या भाड्यात धरलेले असत. आयबीएमने २३ जून १९६९ रोजी सॉफ्टवेअर व सेवांचे दर यंत्रापासून वेगळे करण्याचे जाहीर केले आणि प्रोग्रॅमला स्वतःची किंमत असते, ही कल्पना बाजारात रुजू लागली. १९८३ मध्ये पेनसिल्व्हेनियात जोएल कॉपेलमन आणि डिक फॅरिस यांनी प्रिमाव्हेरा सिस्टिम्स काढली. १९८४ मध्ये डॉसवर चालणारे मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट आले. दोन्ही खोक्यातून विकली जात आणि हिशेब सरळ असे : एक यंत्र, एक प्रत.

गुंतागुंत सर्व्हरमुळे झाली. मायक्रोसॉफ्टने प्रोजेक्ट २००० बरोबर ‘प्रोजेक्ट सेंट्रल’ दिले, पुढे त्याचेच ‘प्रोजेक्ट सर्व्हर’ झाले. वेळापत्रक सर्वांसाठी खुले झाल्यावर ते आखणाऱ्या मूठभर लोकांबरोबर त्यात नुसते तास भरणारे, मंजुरीचे बटण दाबणारे आणि अहवाल पाहणारे शेकडो लोकही आले. या शेकड्यांचे काय करायचे, हाच तेव्हापासून परवान्यांतला मुख्य वाद आहे. (प्रिमाव्हेरा २००८ मध्ये ओरॅकलने घेतली, क्लॅरिटी निकूकडून सीए टेक्नॉलॉजीजकडे आणि २०१८ मध्ये सीएबरोबर ब्रॉडकॉमकडे गेले. मालक बदलतो तेव्हा सॉफ्टवेअर फारसे बदलत नाही, दरपत्रक आणि अटी मात्र बदलतात.)

मोजणीच्या रीती : सर्वांत रूढ रीत नावनिशीवार परवान्याची. ओरॅकलच्या व्याख्येप्रमाणे ज्याला वापराचा अधिकार दिला आहे तो प्रत्येक जण वापरकर्ता. त्या घडीला तो सॉफ्टवेअर उघडून बसला आहे की नाही, हे पाहिले जात नाही. म्हणजे वर्षातून दोनदा डोकावणारा संचालक आणि दिवसभर कामांच्या साखळ्या जोडणारा प्लॅनिंग इंजिनिअर मोजणीत सारखेच. नोकरी सोडून गेलेल्याचे खाते कोणी बंद केले नसेल, तर त्याचीही जागा अडलेली राहते. दुसरी रीत एका वेळी किती जण आत आहेत ते मोजण्याची. पाळ्यांमध्ये किंवा वेगवेगळ्या देशांत काम चालणाऱ्या कंपन्यांना ती स्वस्त पडते, कारण थोडे परवाने बऱ्याच लोकांत फिरवता येतात. मात्र साप्ताहिक प्रगती भरण्याच्या दिवशी सगळेच एकदम आत शिरू पाहतात आणि निम्मे बाहेर ताटकळतात. क्लाऊड सेवांत ही रीत जवळपास नाहीशी झाली आहे. विक्रेत्याच्या दृष्टीने तिच्यात फार पैसे हातचे जातात.

मंडे डॉट कॉमसारख्या नव्या सेवा जागांचे गठ्ठे विकतात. किमान तीन, मग पाच, मग दहा. सात जणांच्या गटाला दहा जागांचे पैसे भरावे लागतात. स्मार्टशीटमध्ये दीर्घकाळ फक्त शीट तयार करणाऱ्याला परवाना लागे, बोलावलेले लोक त्यात फुकट भर घालू शकत. २०२४-२५ मध्ये कंपनीने नवी पद्धत आणली आणि संपादन करणाऱ्यालाही सशुल्क सदस्यांत मोजायला सुरुवात केली. सॉफ्टवेअर तेच, माणसे तीच, बिल वेगळे.

हा फरक किती पडतो, ते मायक्रोसॉफ्टच्या गेल्या काही वर्षांतील छापील अमेरिकी दरांवरून पाहता येते. दरमहा दर माणशी ‘प्लॅन ५’ ५५ डॉलर, ‘प्लॅन ३’ ३० डॉलर आणि केवळ आपली कामे व तास भरणाऱ्यांसाठी ‘इसेन्शियल्स’ ७ डॉलर. समजा एका संस्थेत प्रकल्पसंचाची आखणी करणारे १० जण आहेत, ६० प्रकल्प व्यवस्थापक आहेत आणि तास भरणारे ५०० आहेत. पहिल्यांचे ५५० डॉलर, दुसऱ्यांचे १,८०० आणि तिसऱ्यांचे ३,५००. एकूण महिना ५,८५०, वर्षाला ७०,२००. यातला सुमारे ६० टक्के खर्च सर्वांत स्वस्त परवान्याचा आहे. खरेदी समितीची घासाघीस मात्र बहुतेक वेळा ५५ च्या दरावर चालते, कारण तो आकडा डोळ्यांत भरतो. प्लॅन ५ वर २० टक्के सूट मिळवली तर महिना ११० डॉलर वाचतात. ५०० पैकी शंभर जणांचे तास त्यांच्या पर्यवेक्षकाने भरायचे ठरवले तर ७००. अर्थात पर्यवेक्षकाने एकगठ्ठा भरलेले तास किती खरे असतात, हा प्रश्न उरतोच, आणि बऱ्याच ठिकाणी त्याचे उत्तर सर्वांना माहीत असते.

कायमचा परवाना आणि त्याची देखभाल : जुन्या पद्धतीत परवाना एकदाच घ्यायचा आणि तो कायमचा. पण ‘कायम’ हे वापराच्या हक्कापुरते. दुरुस्त्या, नव्या आवृत्त्या आणि मदत यांसाठी दरवर्षी वेगळे पैसे, ज्याला आपल्याकडच्या कार्यालयांत सरसकट एएमसी म्हणतात. ओरॅकलचा हा दर परवान्याच्या प्रत्यक्ष भरलेल्या किमतीच्या २२ टक्के आहे. दर वाढला नाही असे धरले तरी साडेचार वर्षांत मूळ किंमत दुसऱ्यांदा भरून होते. शिवाय काही परवान्यांची देखभाल चालू ठेवून बाकीच्यांची बंद करायची तर ओरॅकलच्या अटी आड येतात : एका संचातील सर्व परवाने एकाच स्तराच्या देखभालीखाली असावे लागतात, काही परवाने कमी केले तर उरलेल्यांचा दर नव्याने काढला जाऊ शकतो. देखभाल सोडून पुन्हा सुरू करायची झाली तर मधल्या काळासाठी शेवटच्या वार्षिक रकमेच्या दीडपट दराने शुल्क लागते. पूल बांधून संपला, प्लॅनिंगची माणसे निम्मी झाली, तरी एएमसी निम्मी होत नाही, याचे कारण इथे आहे.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट सर्व्हरचा खर्च वेगळ्या वाटेने वाढतो. २०१६ च्या आवृत्तीपासून तो शेअरपॉइंट सर्व्हरच्या पोटात बसतो. खाली एसक्यूएल सर्व्हर, त्याखाली विंडोज सर्व्हर, आणि या थरांवर माणशी प्रवेश-परवान्यांची उतरंड. दरपत्रकावर प्रोजेक्ट सर्व्हरची एक ओळ दिसते, बिलात पाच येतात.

भाड्याकडे वळण : गेल्या दशकात विक्रेत्यांनी कायमचे परवाने आवरते घेतले. वर्गणीचा फायदा खरा आहे : सुरुवातीला मोठी रक्कम लागत नाही, सर्व्हर सांभाळावा लागत नाही, प्रकल्प संपला की जागा कमी करता येतात (बहुतेक करारांत नूतनीकरणाच्या तारखेलाच, मध्ये नाही). पण केव्हा थांबायचे, हे आता दोघांच्या हातात असते, आणि त्यात विक्रेत्याचा हात वरचा. अटलासियन एकेकाळी दहा जणांसाठी दहा डॉलरमध्ये जिराचा सर्व्हर-परवाना देई आणि ती रक्कम दानात जाई. २ फेब्रुवारी २०२१ ला सर्व्हर-परवान्यांची नवी विक्री थांबली, १५ फेब्रुवारी २०२४ ला आधारही संपला. ज्यांनी क्लाऊड टाळण्यासाठी महागडी ‘डेटा सेंटर’ आवृत्ती घेतली, त्यांनाही २०२५ मध्ये कंपनीने २०२९ ची शेवटची तारीख दिली. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये आणलेली ‘प्रोजेक्ट ऑनलाइन’ सेवा ३० सप्टेंबर २०२६ रोजी बंद करण्याचे जाहीर केले. अशा वेळी मोडतो तो परवाना नव्हे, त्याभोवती उभी केलेली रचना : स्वतः बनवलेले रकाने, मंजुरीचे टप्पे, लेखाप्रणालीशी जोडलेले दुवे, वर्षानुवर्षे घडवलेले अहवाल. ती दुसरीकडे नेण्याचा खर्च कुठल्याही दरपत्रकात नसतो.

वरच्या श्रेणीत ढकलणाऱ्या गोष्टी : अनेक सेवांचे दर संकेतस्थळावर दिसतात, फक्त ‘एंटरप्राइज’ श्रेणीपुढे आकडा नसतो, विक्री विभागाशी बोला असे लिहिलेले असते. मोठ्या संस्थेला या श्रेणीत जावे लागते ते बऱ्याचदा प्रकल्प व्यवस्थापनाच्या एखाद्या सुविधेसाठी नव्हे. कंपनीच्या एकाच लॉगिनने आत जाण्याची सोय असाना आणि मंडे यांच्याकडे त्याच श्रेणीत आहे; अटलासियन ती ‘गार्ड’ नावाने वेगळी विकते. कंपनीचा माहिती-सुरक्षा विभाग या सोयीशिवाय सॉफ्टवेअरला मंजुरी देत नाही आणि विक्रेत्याला हे ठाऊक असते. सुरक्षेची मूलभूत गोष्ट ऐषआरामाच्या दराने विकणे हा या धंद्यातला सर्वांत असमर्थनीय प्रकार म्हणावा लागेल.

फाइल आणि निविदा : बांधकाम व पायाभूत सुविधांच्या क्षेत्रात परवान्यांची मागणी निविदेतून निर्माण होते. वेळापत्रक प्रिमाव्हेरात किंवा एमएस प्रोजेक्टमध्ये तयार करून मूळ फाइलसह सादर करावे, अशी अट भारतातील मोठ्या कंत्राटांत नेहमी आढळते. नागपूर मेट्रोने आराखडे, वेळ आणि खर्च एकत्र जोडणारी जी पंचमिती यंत्रणा उभारली, तीत प्रिमाव्हेरा होते. मालक संस्थेने एकदा एक सॉफ्टवेअर धरले की मुख्य ठेकेदार, त्याचे पोटठेकेदार आणि देखरेख करणारे सल्लागार या सर्वांना तेच घ्यावे लागते. पी६ ची एक्सईआर फाइल साध्या मजकुराची असते. नोटपॅडमध्ये उघडली तर ‘%टी’ ने सुरू होणाऱ्या ओळींवर तक्त्यांची नावे आणि खाली टॅबने तोडलेले आकडे दिसतात. त्यामुळे तपासणाऱ्याला पूर्ण परवान्याची गरज नसते, वाचनापुरती स्वस्त साधने मिळतात. एमपीएक्सजे हे मुक्त कोड-ग्रंथालय एक्सईआर आणि मायक्रोसॉफ्टची एमपीपी दोन्ही वाचते. तरीही छोटे पोटठेकेदार एकच लॉगिन चार जणांत वापरताना दिसतात, आणि नावनिशीवार परवान्यात ते सरळसरळ कराराचे उल्लंघन ठरते.

मुक्त आणि देशी पर्याय : रेडमाइन (२००६ पासून), बर्लिनमधून विकसित होणारे ओपनप्रोजेक्ट आणि एमपीपी फाइल उघडणारे प्रोजेक्टलिब्रे यांना परवाना शुल्क नाही. मुंबईच्या फ्रापे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट जीपीएल परवान्याखाली असून त्यात प्रकल्पांचा विभाग खरेदी व हिशेबाशी जोडलेला आहे. त्याची कमाई माणशी दरावर नसून होस्टिंग व सेवांवर आहे, म्हणून तास भरणाऱ्या पाचशेंचा वरचा हिशेब तिथे उद्भवत नाही. पुण्याची सेलॉक्सिस क्लाऊडबरोबर स्वतःच्या सर्व्हरवर बसवण्याचीही सोय देते. चेन्नईच्या झोहोचे प्रोजेक्ट्स कमी दरामुळे मध्यम कंपन्यांत आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण आखले. हजारो कामांचे, साधनसंपत्तीचा ताळमेळ घालणारे वेळापत्रक करायचे असेल तर मात्र यांपैकी कोणतेही पी६ ची जागा सहज घेत नाही. मुक्त पर्यायात वाचलेले पैसे सांभाळणाऱ्या माणसाच्या पगारात जातात. तो माणूस चांगला असेल तर सौदा फायद्याचा.

घासाघीस व तपासणी : मोठ्या विक्रेत्यांची सूट आर्थिक वर्षअखेरीला सैल होते. ओरॅकलचे वर्ष ३१ मे रोजी संपते, मायक्रोसॉफ्टचे ३० जून रोजी; भारतीय खरेदी विभाग मार्चअखेर अंदाजपत्रक संपवण्याच्या घाईत असतो, म्हणजे नेमका चुकीच्या वेळी. मायक्रोसॉफ्टच्या तीन वर्षांच्या ‘एंटरप्राइज’ करारात दरवर्षी वाढलेल्या जागांचा हिशेब द्यावा लागतो. ओरॅकलच्या करारात तपासणीचा हक्क राखलेला असतो, आणि तपासणीत कमी पडलेले परवाने सवलतीच्या दराने मिळतीलच असे नाही.

भारतीय कायदा व कर : कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार संगणक प्रोग्रॅम हा साहित्यकृतीत मोडतो. कलम ६३ब प्रमाणे अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षे कारावास आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. व्यापारी लाभासाठी वापर नसेल तर न्यायालय कारावास टाळू शकते. खोक्यातील तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात २००४ मध्ये ठरवले. परवान्यावर आणि वर्गणीवर आता १८ टक्के जीएसटी आहे. परदेशी विक्रेत्याकडून थेट घेतल्यास नोंदणीकृत भारतीय खरेदीदारालाच तो ‘रिव्हर्स चार्ज’ने भरावा लागतो. परदेशी सॉफ्टवेअरसाठी दिलेले पैसे म्हणजे रॉयल्टी, म्हणून त्यावर कर कापलाच पाहिजे, अशी आयकर विभागाची भूमिका वर्षानुवर्षे होती. इंजिनिअरिंग अॅनालिसिस सेंटर ऑफ एक्सलन्स या कंपनीच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २०२१ रोजी ती नाकारली : अंतिम वापरकर्त्याला किंवा वितरकाला मिळते ती वापराची मर्यादित मुभा, कॉपीराइटमधील कोणताही हक्क नव्हे, त्यामुळे द्विपक्षीय करकरार असलेल्या देशांतील विक्रेत्यांना दिलेली अशी रक्कम रॉयल्टी ठरत नाही आणि त्या कारणासाठी कर कापण्याची जबाबदारी खरेदीदारावर येत नाही.