गल्ल्यातलं वेगळं नाणं : टाकसाळीची चूक की नुसतीच झीज?

टेंभुर्णीच्या एसटी स्टँडवर चहाचे पैसे दिले, की सुट्ट्या पैशांत कधीतरी एखादं वेगळंच नाणं हातात येतं. कुठे कडेला उंचवटा असतो, कुठे अक्षरं गायब, तर कुठे सिंहाची मुद्रा तिरकी. मुलं ते मोबाईलवर शोधतात आणि समोर व्हिडिओ येतो, ‘हे नाणं असेल तर तुम्ही लखपती!’ अनेकांची फसवणूक इथूनच सुरू होते. म्हणून टाकसाळीची खरी चूक कोणती, हे घरात सगळ्यांना ओळखता यायला हवं.

नाणं बनतं कसं?

धातूची कोरी चकती दोन ठशांमध्ये ठेवून यंत्राने जोरात दाबतात. चकती पसरू नये म्हणून भोवती एक कडं असतं. चकती, ठसा, कडं किंवा दाब यांपैकी कशातही बिघाड झाला, की नाण्यात दोष राहतो. तपासणीतून सुटलेलं असं नाणं चलनात येतं.

देशात सरकारी टाकसाळी चार आहेत. नाणं कुठलं, हे सालाखालच्या खुणेवरून कळतं. शंकरपाळ्यासारखा चौकोन म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. त्यामुळे ‘खूण नाही’ ही चूक नव्हे.

नेहमी दिसणाऱ्या चुका

ठशाला तडा : ठसा तडकला की त्या फटीत धातू शिरतो आणि नाण्यावर उंच, बारीक रेघ उमटते. ठशाचा कडेचा तुकडाच उडाला, तर तिथे गुळगुळीत उंचवटा येतो.

भरलेला ठसा : ठशात तेल-मळ साचला की अक्षर किंवा आकडा पुसट येतो. बाकी नाणं कोरं, ठसठशीत असेल तरच ही चूक. सगळंच गुळगुळीत असेल तर ती झीज.

फिरलेला ठसा : नाणं सरळ धरून पुस्तकाच्या पानासारखं उलटा. मागची बाजूही सरळ दिसायला हवी. थोडा फरक किरकोळ असतो. पूर्ण आडवी किंवा उलटी आली, तर नाणं बाजूला ठेवा.

सरकलेला छाप : चित्र एका बाजूला सरकतं आणि दुसरीकडे कोरा धातू उरतो.

कापलेली चकती : कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा कमी असतो. खऱ्या चुकीत बहुतेक वेळा बरोबर समोरची कडही दबलेली, पुसट असते. कानशीने घासलेल्या नाण्यात तसं होत नाही.

दहा रुपयांचं नाणं दोन धातूंचं असतं. त्यात मधला भाग बाजूला सरकलेला असू शकतो.

घरच्या घरी तपासणी

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि उजेड बाजूने पाडा. त्याच सालाचं, त्याच डिझाइनचं दुसरं नाणं शेजारी ठेवा. एक साधा नियम लक्षात ठेवा : जादा रेघ किंवा ठिपका उंच असेल तर टाकसाळीची शक्यता, खोल गेला असेल तर बहुतेक वेळा नंतरचा ओरखडा. नाण्यावर मागच्या बाजूचंच चित्र आरशातल्यासारखं उलटं आणि खोल उमटलेलं असेल, तर तो अपवाद. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिल्याने असं होतं आणि ते दुर्मीळ असतं.

हातोडा मारून, रुळावर ठेवून किंवा ॲसिडमध्ये बुडवूनही नाणी ‘वेगळी’ केली जातात. ती ‘मिंट एरर’ म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे. आणि हो, जुनं नाणं चिंचेने किंवा राखेने घासू नका. संग्राहकांच्या लेखी त्याची किंमत घटते.

या चुका नव्हेत

दहाच्या नाण्यावर कुठे १५ रेषा, कुठे १०, कुठे ₹ चिन्ह नाही. हे फक्त डिझाइन बदललेले आहेत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये तोवरची दहाची चौदाही डिझाइन्स वैध असल्याचं सांगितलं होतं. दुकानदाराने नकार दिला तरी ते नाणं खोटं ठरत नाही.

आजी-नानींच्या पेटीतल्या मुघल नाण्यावर किंवा शिवराईवर अर्धीच अक्षरं दिसतात. तेव्हा ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा आणि हाताने ठोकला जायचा. म्हणून अक्षरं कापली जाणं तिथे नेहमीचंच.

आपल्या घरांत ७८६ आकड्याची नोट जपून ठेवतात. श्रद्धेने खुशाल ठेवा, पण ती छपाईची चूक नाही. क्रमाने छापलेल्या दर हजार नोटांमागे एकीच्या शेवटी ७८६ येतंच.

लाखांचा फोन आला तर

किरकोळ दोषाच्या नाण्याला दर्शनी किमतीपेक्षा फारसं जास्त मिळत नाही. ठळक, दुर्मीळ चुकीला संग्राहक पैसे देतात, पण नाणं हातात घेऊन, पारखून. फोटो पाहूनच लाखांचा भाव सांगणारा आणि आधी ‘नोंदणी फी’, ‘टॅक्स’ किंवा ‘कमिशन’ मागणारा माणूस खरेदीदार नसतो. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच सांगितलं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कुणाकडून फी किंवा कमिशन मागत नाही. तिच्या नावाचं पत्र व्हॉट्सॲपवर आलं तरी ओटीपी, आधार, खातं नंबर देऊ नका. पैसे गेलेच, तर लाज न बाळगता लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

वेगळं नाणं सापडलं तर कागदाच्या पुडीत ठेवा, वर साल आणि टाकसाळ लिहा. मुलांना छंद लागू द्या. विकणाराने पैसे घ्यायचे असतात, द्यायचे नसतात, हेही त्यांना शिकवा.