रिकामी डबी



पेपरमिंटच्या वड्या संपल्या, तरी त्यांची ती चपटी, तळहाताएवढी पत्र्याची डबी टाकून देववत नाहीं, हा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांना असेल. कोणी तींत टांचण्या ठेवतो, कोणी बटणें, कोणी एखादें जपून ठेवलेलें पत्र. इंग्लंड-अमेरिकेंत हौशी माणसें अशी डबी घासूनपुसून रंगवितात, आंत चित्र किंवा चार ओळींची चिठ्ठी चिकटवितात आणि फेब्रुवारीच्या १४ तारखेला, म्हणजे संत व्हॅलेंटाईनच्या दिवशीं, आवडत्या माणसाच्या हातीं देतात. हा निव्वळ पोरखेळ वाटेल. परंतु त्याच्यामागें अडीचशें वर्षांहून जुना इतिहास आहे, आणि त्या इतिहासांत एक प्रश्न पुन्हां पुन्हां उभा राहतो : मनांतलें प्रेम बाजारांतून विकत आणतां येतें काय?

दिवस आधींचा, डबी नंतरची. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांत चॉसर कवीनें या दिवशीं पक्षी आपापला जोडीदार निवडतात अशी कल्पना आपल्या काव्यांत रंगविली, आणि तेव्हांपासून या तिथीचा प्रेमाशीं संबंध जडला. १४७७ च्या फेब्रुवारींत नॉरफोक परगण्यांतील मार्जरी ब्रूज या तरुणीनें जॉन पॅस्टन याला ‘व्हॅलेंटाईन’ असें संबोधून पत्र लिहिलें. इंग्रजी भाषेंत या प्रकारचें सर्वांत जुनें उपलब्ध पत्र म्हणून तें प्रसिद्ध आहे. त्यांत चंद्र-तारे असतील अशी आपली समजूत होईल. पण त्यांत आहे हुंड्याची अडचण! आईनें खटपट केली, तरी वडील हुंडा वाढविण्यास तयार नाहींत. आपलें माझ्यावर खरेंच प्रेम असेल, तर तेवढ्यासाठीं आपण मला सोडणार नाहीं, असें ती काकुळतीनें कळविते. लग्न पुढें झालें. पण प्रेम आणि पैसा यांचा हा तंटा या सणाच्या पाठीस किती जुना लागलेला आहे, तें यावरून दिसतें.

डबीचा प्रवेश झाला तो अठराव्या शतकांत. १७५३ सालीं लंडनजवळ बॅटर्सी येथें स्टीफन जॅन्सन यानें भागीदारांसह तांब्यावर मिना चढविण्याचा कारखाना काढला. गृहस्थ पुढच्याच वर्षीं लंडनचा महापौर झाला आणि १७५६ सालीं त्याचें दिवाळेंही निघालें! कारखाना बुडाला, परंतु कसब बुडालें नाहीं. बर्मिंगहॅम आणि त्याच्या शेजारचें बिल्स्टन या धातुकामाच्या गांवांत तें चांगलेंच भरभराटीस आलें.

त्या डब्या कशा करीत, तें ऐकण्यासारखें आहे. तांब्याच्या पातळ पत्र्याला डबीचा आकार द्यावयाचा. कांचेच्या भुकटींत कथिलाचें भस्म मिसळून केलेला पांढरा मिना तिला लावावयाचा आणि ती भट्टींत घालावयाची. मिना बाहेरून लावावयाचा तसा आंतूनही. कारण निवतांना तांबें आणि कांच सारख्या प्रमाणांत आकसत नाहींत, आणि एकच बाजू मढविली तर मिना तडकतो. नंतर कोरलेल्या ताम्रपटावरचें चित्र पातळ कागदावर घ्यावयाचें, तो कागद डबीवर दाबून चित्र उमटवावयाचें आणि पुन्हां भट्टी. शेवटीं कुंचल्यानें रंग भरावयाचे. अशा डबींत कोणी तपकीर ठेवी, कोणी खडीसाखर. कोणी गालावर लावावयाच्या काळ्या रेशमी टिकल्या ठेवी. त्या डबीच्या झांकणाला आंतून इवलासा आरसा बसविलेला असे. आपल्या आजीची फणेरपेटी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना या आरशाचें नवल वाटणार नाहीं.

झांकणावर कबुतरांची जोडी, फुलांचा हार, आणि खालीं ‘प्रेमाची खूण’ अशा अर्थाचें वचन. पण गंमत अशी, कीं तें वचन देणाराचें नसे. एकाच ताम्रपटावरून तेंच चित्र आणि तेच शब्द कितीक डब्यांवर उमटत. ज्या कारागिरांनीं त्यांत रंग भरले, त्यांचीं नांवेंही बहुधा डबीवर आढळत नाहींत. अनोळखी हातानें लिहिलेलें प्रेम अनोळखी माणसानें विकत घ्यावयाचें, असा तो व्यवहार होता.

याच मुलुखांतल्या तांब्याची दुसरी एक कथा आहे. १७९७ सालीं बर्मिंगहॅमजवळच्या सोहो येथें मॅथ्यू बोल्टन याच्या टांकसाळींत तांब्याची मोठी, जाड कडांची पेनी पडूं लागली. ऑस्ट्रेलियांत काळ्या पाण्याची शिक्षा झालेल्या कैद्यांना हें नाणें फार उपयोगीं पडलें. तें घासून गुळगुळीत करावयाचें आणि टोंचणीनें टिंब टिंब देऊन त्यावर आपलें नांव, तारीख व चार शब्द उठवून मागें राहणाऱ्या बायकोला, आईला किंवा प्रेयसीला द्यावयाचें. ज्याला स्वतःला हें काम जमत नसे, तो हात चालणाऱ्या सोबत्याकडून करवून घेई. अशीं तीनशेंहून अधिक नाणीं कॅनबेरा येथील राष्ट्रीय संग्रहालयांत आहेत. अक्षरें वेडींवांकडीं, शुद्धलेखन चुकलेलें. परंतु तें नाणें दुसऱ्या कोणाला देतां आलें नसतें. मिन्याच्या सुबक डबींत नेमकें हेंच उणें होतें.

एकोणिसाव्या शतकांत मिन्याचा धंदा ओसरला आणि पत्र्याचें राज्य सुरू झालें. आपण पितळेच्या भांड्याला कल्हई करतों. तशीच लोखंडाच्या पातळ पत्र्याला कथिलाची कल्हई केली कीं डब्याचा पत्रा तयार होतो. तो गंजत नाहीं आणि स्वस्त पडतो. १८१० सालीं पीटर ड्युरंड यानें अन्न टिकविण्याच्या डब्याचें पेटंट घेतलें. १८६८ सालीं रेडिंगच्या हंटली अँड पामर्स कंपनीनें ओवेन जोन्स या नामांकित नक्षीकाराकडून बिस्किटांचा डबा सजवून घेतला. त्याच वर्षीं कॅडबरींनीं चॉकलेटसाठीं चित्रांच्या पेट्या काढल्या. पत्र्यावर थेट छापणें मात्र कठीण होतें; शिळाछापाचा दगड कठीण आणि पत्राही कठीण. १८७५ सालीं रॉबर्ट बार्कले यानें युक्ति काढली : दगडावरचें चित्र आधीं पुठ्ठा गुंडाळलेल्या रुळावर घ्यावयाचें आणि तेथून पत्र्यावर. झालें! रंगीत डबी घरोघर गेली. माल संपला कीं ती रिकामी होई, आणि मग तिची खरी मालकी घराकडे येई.

याची साक्ष १९१४ सालच्या महायुद्धानें दिली. सतरा वर्षांच्या राजकन्या मेरीच्या नांवानें निधी जमला आणि नाताळांत सैनिकांना पितळेची एकेक लहान डबी वांटली गेली. तींत तंबाखू आणि सिगारेटी. न ओढणारांना गोळ्या, पेन्सिल व लिहिण्याचें सामान. हिंदी सैनिकांच्या डबींत खडीसाखर आणि मसाल्याची छोटी डबी. पुढें पितळेचा तुटवडा पडला. अमेरिकेहून येणारें पितळ १९१५ च्या मे महिन्यांत लुसिटानिया जहाजाबरोबर समुद्राच्या तळाशीं गेलें. तरी एकंदर सव्वीस लाखांहून अधिक डब्या वांटल्या गेल्या. साऱ्या एकाच सांच्याच्या. एक दुसरीहून ओळखूं येऊं नये. पण तंबाखू संपल्यावर कोणी तींत घरचीं पत्रें ठेविलीं, कोणी मुलाबाळांचीं छायाचित्रें. कित्येकांनीं तर ती जशीच्या तशी घरीं धाडली. मग मात्र कोणतीही डबी दुसरीसारखी राहिली नाहीं.

पेपरमिंटची डबी रंगविणारी मुलगी हाच धागा पुढें नेत असते. प्रथम सोड्याच्या पाण्यानें तेलकटपणा घालवावा, पॉलिशकागद हलक्या हातानें फिरवावा, नाहींतर रंग धरत नाहीं. जाड थर एकदम न देतां पातळ थर वाळवून वाळवून द्यावे. बिजागरी व कांठ मोकळे ठेवावे. नाहींतर डबी मिटत नाहीं. हें सारें करतांना एक दुपार जाते, आणि भेट असते ती त्या दुपारीची.

अलीकडे अशा डब्या सजविण्याचें तयार सामान, छापील मजकुरासह, दुकानांत मिळतें. म्हणजे बिल्स्टनचा ताम्रपट पुन्हां आलाच! बाजारावर रागावण्याचें कारण नाहीं. डबी त्यानेंच दिली. सामान खुशाल आणावें. मात्र आंतली चिठ्ठी आपल्या हातानें लिहावी. मार्जरीला हुंडा वाढवितां आला नाहीं. पत्र तेवढें तिला पाठवितां आलें, आणि साडेपांचशें वर्षें होत आलीं तरी तें वाचलें जात आहे.