‘आकाशकंदील’ : शब्द आणि घडण

दिवाळी जवळ आली, की झाडीपट्टीतील मुर्रीपासून मुंबईच्या चाळींपर्यंत मराठी घरांच्या दारी आकाशकंदील चढतो. या सामासिक शब्दाचे पूर्वपद संस्कृत, तर उत्तरपद अरबी-फारसी आहे. भाषाशुद्धीच्या पुरस्कर्त्यांना असा मिश्र समास रुचत नाही. ‘आकाशदीप’ हा शुद्ध शब्द असताना परक्याचे साहाय्य कशाला, असा त्यांचा प्रश्न असतो. या प्रश्नाचा निवाडा शब्दाइतकाच वस्तूकडेही पाहून केला पाहिजे.

‘आकाशदीप’ हा शब्द जुना आहे, यात संशय नाही. कमलाकरभट्टांच्या ‘निर्णयसिंधू’त (१६१२) आकाशदीपाचे विधान आहे. सूर्य तूळ राशीत असता महिनाभर, सायंकाळी, तिळाच्या तेलाचा दिवा विष्णुप्रीत्यर्थ उंच जागी लावावयाचा, असे ते व्रत होय. येथे महत्त्व तेलाला, काळाला आणि संकल्पाला आहे. आज जिला आकाशकंदील म्हणतात त्या वस्तूचे सारे वैभव मात्र ज्योतीभोवतीच्या आवरणात आहे. मराठीत ‘दिवा’ म्हणजे प्रामुख्याने ज्योत. ‘कंदील’ म्हणजे आवरणासह ज्योत. हा भेद ‘दीप’ या शब्दाने दाखविता येत नाही. तेव्हा नवा शब्द रुळला तो मराठीची गरज म्हणून, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

आता या परक्या शब्दाचे कूळ पाहू. मराठी ‘कंदील’ फारसीतून आला. फारसीने तो अरबी ‘किंदील’वरून घेतला, अरबीत तो ग्रीक ‘कांदेले’वरून आला आणि ग्रीकांनी तो लॅटिन ‘कांदेला’वरून उचलला. ‘कांदेला’च्या मुळाशी ‘कांदेरे’ (चकाकणे) हे क्रियापद आहे. त्याचा सगोत्र संस्कृत शब्द ‘चंद्र’ होय. ‘चंद्र’ शब्दाचे आरंभीचे रूप ‘श्चंद्र’ असे होते. त्यातील ‘श्’ पुढे गळला, पण ‘हरिश्चंद्र’ या नावात तो अद्याप टिकून आहे. म्हणजे ज्याला बाहेरचा म्हणावयाचे तो शब्द रोम, ग्रीस, अरबस्तान व इराण हिंडून आलेला चंद्राचाच भाऊबंद ठरतो!

घडणीकडे वळल्यास निराळेच चित्र दिसते. एक साधी घडण अशी : बांबूचे सरळ कांडे उभे चिरून, तासून सारख्या लांबीच्या २४ कामट्या करावयाच्या. चार-चार कामट्यांचे सहा चौकोन बांधावयाचे आणि त्यांचे कोपरे एकमेकांशी जोडावयाचे. प्रत्येक कोपऱ्यात दोन चौकोन मिळतात, म्हणून असे सांधे १२ होतात. चौकोनांच्या मधे आठ त्रिकोण न बांधता आपोआप सिद्ध होतात, हे या आकृतीचे मोठे वैशिष्ट्य. वरचा व खालचा चौकोन आडवा येतो, बाजूचे चार कोनावर उभे राहतात. सांगाडा तोवर लुळाच असतो. हातात धरला तर पिळतो. कणकेची खळ लावून पतंगी कागद चौकोनांवर ताणून बसविला, की तो ताठ होतो. वरचा चौकोन धुरासाठी आणि खालचा दिवा ठेवण्यासाठी उघडा सोडतात. शेवटी झिरमिळ्या व शेपट्या.

या कामात ‘कंदील’ आणि ‘कागद’ हे शब्द फारसीच्या वाटेने आलेले, तर कांडे, कामटी, खळ, झिरमिळी हे घरगुती बोलण्यातले. शुद्धिवाद्यांचे लक्ष पहिल्या दोहोंवर खिळले आहे. धोका मात्र दुसऱ्या गटाला आहे. प्लॅस्टिकचा तयार कंदील विकत आणणाऱ्या घरात ‘कंदील’ हा शब्द सुखाने नांदतो, ‘कामटी’ म्हणण्याचा प्रसंगच येत नाही. हे शब्द कोशात आहेत म्हणून निश्चिंत राहता येत नाही, कारण कामटी किती पातळ झाली म्हणजे लवते पण मोडत नाही, हे कोश सांगत नाही.

मुर्री ज्या गोंदिया जिल्ह्यात येते तो १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचा भाग होता. या टापूत बांबू मुबलक, आणि सुपे, टोपल्या विणणाऱ्या बुरडांचा तो पिढीजात व्यवसाय. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबूची गणना वृक्षात होत असे. २०१७ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली, त्यामुळे वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू त्या कायद्याच्या दृष्टीने आता झाड राहिलेला नाही. मराठी, पवारी, हिंदी व छत्तीसगढी एकमेकींच्या शेजारी बोलल्या जातात अशा या टापूत बांबूकामाच्या शब्दांची यादी बुरडांच्या तोंडूनच, आणि काम चालू असताना, करावयास हवी.