अमान्सियो डिसिल्वा : एका विस्मृत गिटारवादकाची कहाणी

खानदेशात लग्नसराई सुरू झाली की संध्याकाळी कुठून ना कुठून बेंजोचे सूर कानी पडतातच. धुळ्याच्या जुन्या पेठा असोत वा जळगावच्या नव्या वसाहती, वरातीच्या अग्रभागी कर्णे बांधलेली गाडी असते, तिच्यावर जनरेटर घरघरत असतो आणि एखादा सडपातळ तरुण पोलादी तारांचे ते विजेवर चालणारे वाद्य तल्लीनतेने वाजवीत असतो. नवरदेवाचे नाव सर्वांना ठाऊक असते. वादकाचे नाव मात्र कोणी विचारीत नाही.

या गोष्टीची जाणीव मला एका निराळ्याच प्रसंगाने झाली. नाताळपूर्वी आमच्या गायकमंडळाचा सराव चालू होता. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलाने मुंबईहून जुनी इलेक्ट्रिक गिटार विकत आणली होती. सराव संपल्यावर तारा पुसता पुसता त्याने विचारले, ‘‘फादर, आपल्या लोकांत कोणी मोठा इलेक्ट्रिक गिटारवादक होऊन गेला का हो?’’

मी उत्साहाने नावे घेऊ लागलो. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस : राहुलदेव बर्मन आणि प्यारेलाल यांना व्हायोलिनचे धडे देणारे, ज्यांचे नाव १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यामुळे देशभर पोहोचले. शंकर-जयकिशन यांचे संगीत-संयोजक सेबास्टियन डिसोझा. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट. मुलाने नम्रपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘‘हो फादर, पण गिटारवाला?’’

माझ्याजवळ उत्तर नव्हते. सेमिनरीत वर्षानुवर्षे संगीताचे पाठ घेतलेल्या माणसाला ही गोष्ट लाजिरवाणी वाटली. पुढे मुंबईत एका धर्मगुरुमित्राच्या खोलीत मी एक मुद्रिका ऐकली. तिचे नाव होते ‘कोंकण डान्स’ आणि वादकाचे नाव अमान्सियो डिसिल्वा. त्या मुलाच्या प्रश्नाला मी दिलेले उशिराचे उत्तर म्हणजे प्रस्तुत लेख होय.

प्रथम वाद्याविषयी थोडे सांगावयास हवे. साधी गिटार हे मृदू आवाजाचे वाद्य. वाद्यवृंदात ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन गर्जू लागले की तिचा आवाज बुडून जाई. म्हणून तिच्याकडे केवळ ताल धरण्याचे काम असे. पोलादी तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे बसविले, तर तारेच्या कंपनाने त्या वेटोळ्यात सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतो. तो वाढवून कर्ण्यातून ऐकविता येतो. या तत्त्वावर अमेरिकेतील गिब्सन कंपनीने आपली पहिली विजेची स्पॅनिश गिटार १९३६ साली बाजारात आणली. चार्ली ख्रिश्चन या कृष्णवर्णीय तरुणाने १९३९ मध्ये बेनी गुडमन यांच्या संचात ती वाजविली आणि गिटारही सॅक्सोफोनसारखी एकेका स्वराने बोलू शकते, हे जगाला दाखवून दिले. त्याच १९३६ साली मुंबईत एका गोवेकर कुटुंबात अमान्सियो डिसिल्वा यांचा जन्म झाला.

गोव्याच्या या मुलांना संगीत कोठून मिळाले, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. सोळाव्या शतकापासून तेथील धर्मग्रामांच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचावयास आणि व्हायोलिन धरावयास शिकविले जात असे. उपासनेसाठी दिलेली ही विद्या पुढे पोटापाण्याची विद्या झाली. गावी पुरेसे काम नव्हते आणि मुंबईला कागदावरचे संगीत वाचून वाजविणारी माणसे हवी होती. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला आणि शहरातील गोवेकर वादकांनी जॅझ ही शैली जवळून ऐकली, आत्मसात केली. पुढे १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे मुंबईच्या नाइट क्लबांना उतरती कळा लागली. अनेक वादक चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले, तर काही उत्तरेकडील हॉटेलांत व थंड हवेच्या ठिकाणी काम शोधू लागले. त्यांतील अनेकांचा मार्ग आपल्या भुसावळ जंक्शनवरूनच जात असे. वाद्यांच्या काळ्या पेट्या सांभाळीत फलाटावर चहा पिणारे ते प्रवासी कोण आहेत, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक असणार?

डिसिल्वा याच फिरत्या वादकांपैकी एक. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी त्यांच्या वादनाच्या चाहत्या झाल्या आणि त्यांनी डिसिल्वांना एक गिब्सन गिटार भेट दिली. पुढे आपल्या एका रचनेला त्यांनी ‘जयपूर’ असेच नाव दिले. त्यांचा विवाह एका आयरिश युवतीशी झाला. १९६७ साली आजारी मुलावरील उपचारांसाठी हे कुटुंब लंडनला गेले. कीर्तीच्या शोधात कलावंत परदेशी जातात, असे आपण ऐकतो. येथे एक बाप आपल्या लेकरासाठी गेला होता. गिटार त्याच्यासोबत गेली, एवढेच.

लंडनमध्ये डेनिस प्रेस्टन या जाणकार निर्मात्याने त्यांना हेरले. १९६९ साली ‘इंटिग्रेशन’ ही त्यांची पहिली मुद्रिका निघाली. सोबतीला डॉन रेंडेल यांचा सॅक्सोफोन आणि इयन कार यांचा ट्रम्पेट होता. ‘गंगा’, ‘जयपूर’, ‘मारिया’ अशी त्यातील रचनांची नावे आहेत; एकीत पत्नीचे नावही गुंफलेले आहे. जणू घर आणि देश यांची आठवण त्यांनी एकाच तबकडीवर उतरवून ठेवली.

या वादनाचे मोल कळण्यासाठी तो काळ लक्षात घ्यावा लागतो. १९६५ मध्ये बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसन यांनी आपल्या एका गाण्यात सतार वाजविली आणि पाश्चात्त्य जगात सतारीची लाट आली. काही प्रयोग गंभीरही होते. कलकत्त्याचे जॉन मेयर यांनी १९६६ साली ‘इंडो-जॅझ स्वीट’ सादर केली. तिच्यात एका बाजूस सतार, तबला, तानपुरा घेतलेले वादक आणि दुसऱ्या बाजूस जॅझचे वादक बसत. रचना मोलाची होती. परंतु दोन्ही संगीते शेजारी शेजारी बसली होती. डिसिल्वांनी निराळा मार्ग धरला. त्यांच्या पहिल्या दोन्ही मुद्रिकांत सतार नाही, तबला नाही, तानपुराही नाही. त्यांनी भारतीयत्व शोधले ते गिटारमध्येच.

हे काम सोपे नव्हते. आपल्याकडे विजेची गिटार लोकप्रिय केली ती लखनौच्या व्हॅन शिप्ले यांनी. परंतु ती हवाईयन पद्धतीची. ती आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी फिरविली जाते. त्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाणारी मींड सहज निघते. डिसिल्वांची गिटार उभी धरण्याची, ठरावीक पडदे असलेली. हार्मोनियमच्या पट्ट्यांप्रमाणे प्रत्येक पडद्याला आपला नेमका स्वर. दोन स्वरांमधली जी वाट आपल्या संगीताचा प्राण आहे, ती या वाद्यात मुळात बंद. ती उघडावयाची तर बोटाने तार बाजूला ओढावी लागते, आणि किती ओढावी हे केवळ कान सांगतो. डिसिल्वांच्या वादनात स्वर असा हलकेच वाकतो. आवाज स्वच्छ असतो. एकेका स्वराची लांब ओळ चालते, मध्येच ती मुरकी घेते, खालचा स्वर तानपुऱ्यासारखा घुमत राहतो, आणि बघता बघता तीच ओळ चार्ली ख्रिश्चनच्या वारशातील द्रुत जॅझमध्ये शिरते. जोड दिसत नाही. ज्या घरात कोकणी, पोर्तुगीज, इंग्रजी आणि लॅटिन या भाषा एकाच जेवणाच्या मेजावर ऐकू येत, त्या गोवेकर घरांना ही सहजता अपरिचित नसावी.

त्याच वर्षी निघालेली दुसरी मुद्रिका मला विशेष हृद्य वाटते. तिचे नाव ‘हम दोनो’. आपल्याला या नावाने देव आनंद यांचा १९६१ चा चित्रपट आठवेल. येथील ‘दोघे’ म्हणजे डिसिल्वा आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट. हॅरियट यांचे बालपण किंग्स्टन शहरातील अल्फा बॉइज स्कूलमध्ये गेले. सिस्टर्स ऑफ मर्सी या संघाच्या भगिनी ती संस्था चालवीत आणि अनाथ व निराधार मुलांच्या हाती वाद्ये देत. १९५१ मध्ये हॅरियट इंग्लंडला आले. मेयर यांच्या प्रयोगातही तेच प्रमुख जॅझवादक होते. एकाची परंपरा गोव्याच्या धर्मग्राम-शाळांची, दुसऱ्याची कॅरिबियन बेटावरच्या कॉन्व्हेंटची. जगाच्या दोन टोकांना ख्रिस्तसभेने मुलांच्या हाती वाद्य दिले होते. त्या परंपरांची ही दोन मुले लंडनमध्ये एकमेकांना भेटली. मुद्रिकेत ‘बॅलड फॉर गोवा’ नावाची एक संथ रचना आहे. गाव सोडून गेलेल्या माणसाला गाव कसा आठवतो, हे तीत शब्दांविना कळते. हॅरियट १९७३ साली वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी विपन्नावस्थेत वारले.

डिसिल्वांचे सर्वच काम सारख्या तोलाचे आहे, असे मी म्हणणार नाही. १९७१ ची ‘रिफ्लेक्शन्स’ ही मुद्रिका श्रवणसुलभ असली तरी आधीच्या दोन मुद्रिकांची धार तिच्यात नाही. परंतु १९७२ मध्ये त्यांनी ‘कोंकण डान्स’ ध्वनिमुद्रित केली. आता मात्र त्यांनी सतार आणि तबला जवळ केले. स्वतःची वाट सापडल्यावर या वाद्यांना शेजारी बसविण्यात त्यांना धोका वाटला नसावा. सतारीवर क्लेम आल्फर्ड आणि तबल्यावर केशव साठे. साठे मुंबईचे, १९५६ सालापासून लंडनवासी, मेयर यांच्या प्रयोगातही तबला त्यांचाच होता. एक मुंबईचा मराठी तबलजी आणि एक मुंबईचा गोवेकर गिटारवादक परक्या शहरातील स्टुडिओत बसून कोकणचे नृत्य वाजवितात, हे चित्र मला फार बोलके वाटते. याच मुद्रिकेतील एका रचनेचे नाव ‘मुंबईतील एक रस्ता’ अशा अर्थाचे आहे.

आणि ही मुद्रिका प्रकाशितच झाली नाही. ध्वनिफिती कपाटात पडून राहिल्या. डिसिल्वा १९९६ साली लंडनमध्ये निवर्तले. ‘कोंकण डान्स’ बाहेर आली ती २००६ मध्ये. ध्वनिमुद्रणानंतर चौतीस वर्षांनी आणि वादकाच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. साठेही २०१२ साली गेले. आज या कलावंताच्या मूळ तबकड्यांसाठी परदेशातील संग्राहक मोठ्या किमती मोजतात.

एवढा गुणी वादक आपल्याला अपरिचित का राहिला? काही कारणे उघड आहेत. तो गायक नव्हता. शब्दांविना असलेले संगीत आपल्याकडे लवकर घरोघरी जात नाही. तो चित्रपटसृष्टीत रमला नाही, त्यामुळे पडद्यामागची का होईना, कीर्ती त्याला लाभली नाही. इंग्रज श्रोत्यांचे लक्ष त्या वेळी रॉक संगीताकडे होते. परंतु एक कारण आपल्या पदरीही पडते. आपल्या घरांत गिटार म्हणजे अभ्यास बुडविण्याचे साधन, अशी समजूत आजही आहे. मुलगा परीक्षेत पहिला आला की त्याचे नाव रविवारी वेदीवरून जाहीर होते. गायकमंडळात पंचवीस वर्षे पेटी वाजविणाऱ्याचे नाव बहुधा त्याच्या अंत्यविधीच्या वेळीच उच्चारले जाते. धर्मग्रामाच्या नोंदवह्यांत बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांची नोंद असते. कोणाला वाजविणे कोणी शिकविले, याची नोंद ठेवण्यास रकानाच नाही. जी परंपरा चार शतके वादक घडविते, तिने आपल्या वादकांची नावे परक्या संग्राहकांच्या यादीत शोधावीत, ही काही भूषणावह गोष्ट नव्हे.

त्या मुलाला मी ‘बॅलड फॉर गोवा’ ऐकविली. आता हे सारे मोबाइलवरही ऐकता येते. त्याने डोळे मिटून ती दोनदा ऐकली. ‘‘वेग तर काहीच नाही फादर,’’ तो म्हणाला, ‘‘पण हे मला जमणार नाही.’’ नंतर बराच वेळ तो एकच तार पुन्हा पुन्हा ओढून तो वाकलेला स्वर शोधीत बसला होता. शेवटी तार तुटली. नवी तार जळगावात मिळेल की मुंबईहून मागवावी लागेल, या विवंचनेत तो घरी गेला.

त्याच रात्री बंगल्याच्या फाटकासमोरून एक वरात चालली होती. गाडी थांबली होती आणि बेंजोवादक घाम पुशीत पाणी पीत होता. मी पुढे होऊन त्याचे नाव विचारले. तो दचकला, आवाजाची तक्रार करावयास आलो, असे त्याला वाटले असावे. ‘‘वाजवता चांगले, म्हणून विचारले,’’ असे म्हटल्यावर त्याने आपले नाव सांगितले, वडिलांचे सांगितले आणि ज्यांच्याकडे हात बसला त्या उस्तादांचेही सांगितले. खोलीत परतल्यावर मी ती तिन्ही नावे माझ्या वहीत लिहून ठेवली आहेत.