रस्ता रुंदीकरण आणि ओढ्यांचे काठपट्टे

अस्तित्वात असलेला रस्ता रुंद करताना त्याला छेदून किंवा त्याच्या कडेने वाहणारे ओढे, त्यांचा तळ आणि दोन्ही काठांवरील झाडोरा सुरक्षित राखण्यासाठी आखणी, बांधकाम व देखभाल या टप्प्यांत जे उपाय योजले जातात, त्यांचा विचार या लेखात केला आहे. ओढ्याच्या दोन्ही बाजूंना असलेल्या, पाण्याच्या सान्निध्यावर वाढणाऱ्या वनस्पतींच्या पट्ट्यास येथे काठपट्टा म्हटले आहे. मोठ्या नद्यांवरील पुलांचा अभ्यास स्वतंत्रपणे होतो व त्यासाठी पैसाही मिळतो. लहान ओढ्यांच्या वाट्याला बहुधा नुसती मोरी येते. या लेखाचा भर त्यामुळे लहान ओढ्यांवर, आणि विशेषतः सह्याद्री व कोकणातील परिस्थितीवर आहे.

ओढा आणि त्याचा काठ

लहान प्रवाहांसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. ओढा, ओहोळ, झरा हे शब्द सर्वत्र चालतात; कोकणात पऱ्या आणि वहाळ हे शब्द रुळलेले आहेत. सरकारी कागदपत्रांत मात्र यांपैकी बहुतेकांची नोंद ‘नाला’ या एकाच शब्दाने होते. शहरी बोलीत नाला म्हणजे सांडपाण्याची वाट असा अर्थ रूढ झाल्याने, ज्याच्यावर वाडीची विहीर आणि वायंगणी भात अवलंबून आहे अशा पऱ्याचेही मोल कागदावर आपोआप कमी होते.

काठपट्ट्याचे कार्य अनेकपदरी आहे. करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन, वाळुंज यांसारख्या झाडांची मुळे काठाची माती धरून ठेवतात. पालापाचोळा आणि गवत उतारावरून येणारा गाळ अडवतात. सावलीमुळे पाण्याचे तापमान कमी राहते, तर पाण्यात पडून कुजणाऱ्या पानांवर जलकीटकांची आणि पर्यायाने मासे, बेडूक, खेकडे यांची उपजीविका चालते. पूर आला की पाणी या पट्ट्यात पसरते, मंदावते आणि काही अंशी जमिनीत मुरते. तेच पाणी पुढे काठच्या विहिरींना मिळते.

कोकणात पावसाच्या पहिल्या सरींनंतर काही जातींचे मासे नदीतून ओढ्यांत आणि तेथून भातखाचरांपर्यंत अंडी घालण्यासाठी चढतात. त्यांना ‘चढणीचे मासे’ म्हणतात. ही चढण वर्षातून थोडेच दिवस टिकते. त्या दिवसांत वाटेत अडथळा आला तर त्या वर्षीची वीण हुकते.

रुंदीकरणाचे परिणाम

डोंगराळ प्रदेशात रस्ता आणि ओढा दोघेही सौम्य उताराची वाट शोधतात, त्यामुळे ते पुष्कळदा एकाच खोऱ्यातून शेजारी शेजारी जातात. जुना दुपदरी रस्ता अरुंद असल्याने दोहोंमध्ये थोडी जागा उरलेली असते. रुंदीकरणात प्रथम जाते ती हीच जागा. भरावाचा उतार सामान्यतः १ मीटर उंचीला २ मीटर आडवा असा ठेवतात. म्हणजे ६ मीटर उंचीच्या भरावाचा पायथा रस्त्याच्या कडेपासून १२ मीटर दूर जातो. नकाशावर केवळ रस्त्याची रुंदी पाहणाऱ्याला ओढा सुरक्षित अंतरावर दिसतो. प्रत्यक्षात काठपट्टा, आणि कधी ओढ्याचा तळही, भरावाखाली गाडला जातो.

दुसरा परिणाम मोऱ्यांच्या लांबीचा. दुपदरी रस्त्याखालची १०-१२ मीटर लांबीची मोरी चौपदरीकरणात २५-३० मीटर किंवा त्याहूनही लांब होते. लांबी वाचवण्यासाठी तिरका येणारा ओढा रस्त्याशी काटकोनात वळवण्याची प्रवृत्ती असते. वळवलेला प्रवाह पहिल्या मोठ्या पुरात जुन्या दिशेने जाऊ पाहतो आणि समोरचा काठ कापतो. मोरीतून जोराने बाहेर पडणारे पाणी खालचा तळ खरवडते. काही वर्षांत तेथे पायरी तयार होते आणि चढणीच्या माशांची वाट तिथेच संपते.

सर्वांत मोठी हानी मात्र आराखड्यात कुठेच दाखवलेली नसते. बांधकामाचा हंगाम ऑक्टोबर ते मे असा असतो. सर्वेक्षणही याच काळात होते. लहान ओढे माघ-फाल्गुनापर्यंत आटतात. कटाईतून निघालेली माती आणि दगड टाकण्यासाठी जवळची, मोकळी, कोणाच्याही नावावर नसलेली जागा कंत्राटदाराला हवी असते, आणि कोरडा ओढा या तिन्ही अटी पुऱ्या करतो. शेतात माती टाकली तर शेतकरी हरकत घेतो, भूसंपादनात त्याची सुनावणी होते, मोबदला ठरतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार सार्वजनिक रस्ते आणि नदी-नाल्यांचे तळ ही दोन्ही शासनाचीच मालमत्ता आहे. साहजिकच ओढ्याच्या बाजूने दावा मांडणारा कोणी उरत नाही. मृगाच्या पावसात ही सैल माती हलते आणि खालच्या खाचरांत, विहिरींत व बंधाऱ्यांत जाऊन बसते. मग शेतकऱ्याने तक्रार केली तरी तो गाळ कोणत्या ढिगातला, हे सिद्ध करणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते.

मोरीचे माप

भारतात साधारणतः ६ मीटरपर्यंत लांबीच्या बांधकामास मोरी आणि त्यापुढे ६० मीटरपर्यंतच्या बांधकामास लहान पूल म्हणतात. त्यांच्या आरेखनासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका वापरली जाते. प्रवाहमापनाच्या नोंदी नसलेल्या ओढ्यांसाठी पुराचा अंदाज अनुभवजन्य सूत्रांवरून घेतात. जुन्या मुंबई इलाख्यातील पंख्याच्या आकाराच्या पाणलोटांसाठी क्लॉड इंग्लिस या अभियंत्याने मांडलेले सूत्र पश्चिम महाराष्ट्रात अजूनही प्रचलित आहे. पाणलोटाचे चौरस किलोमीटरमधील क्षेत्र घ्यावयाचे, त्यास १२४ ने गुणावयाचे, आणि क्षेत्रात १०.४ मिळवून येणाऱ्या बेरजेच्या वर्गमुळाने भागावयाचे. उत्तर सेकंदाला घनमीटरमध्ये मिळते.

या सूत्राने केवळ १ चौरस किलोमीटर पाणलोटाचा कमाल पूर सेकंदाला सुमारे ३७ घनमीटर येतो. १.२ मीटर व्यासाचा एक ह्यूम पाइप, पाण्याचा वेग सेकंदाला ३ मीटर धरला तर, जेमतेम ३.४ घनमीटर पाणी वाहून नेतो. उन्हाळ्यात उडी मारून ओलांडता येणाऱ्या पऱ्याला दहाहून अधिक नळ लागावेत, हे हिशेब केल्याशिवाय पटत नाही. शिवाय ओळीने बसवलेल्या नळांत फांद्या आणि ओंडके अडकतात व मोरीचा बांध होतो. अशा ठिकाणी ओढ्याच्या भरल्या पात्राइतक्या गाळ्याची, नैसर्गिक तळ तसाच ठेवणारी स्लॅबची मोरी अधिक योग्य ठरते. पेटीसारखी मोरी घालायची असल्यास तिचा तळ ओढ्याच्या तळाखाली बसवावा, म्हणजे वर गाळ-गोट्यांचा थर साचून प्रवाह अखंड राहतो. तिचा खर्च जास्त असतो, पण धुऊन गेलेला भराव पुन्हा घालण्याचा खर्च आरेखनाच्या तुलनात्मक तक्त्यात बहुधा धरलेलाच नसतो.

बांधकामाच्या काळातील उपाय

उपायांइतकाच त्यांचा क्रमही महत्त्वाचा असतो. झाडतोड व कटाई सुरू होण्यापूर्वी काठपट्ट्याची हद्द खुंट्या व दोरीने आखून यंत्रांना तेथे बंदी करावी लागते. एकदा जेसीबी ओढ्यात उतरला की हद्द कागदावरच राहते. त्याच वेळी गाळ बसवण्याचे खड्डे आणि उताराच्या माथ्यावरचे चर खोदले जातात. डोंगराकडून येणारे स्वच्छ पाणी चरांनी वेगळे काढून थेट ओढ्यात सोडायचे आणि कामाच्या जागेवरचे गढूळ पाणी तेवढे खड्ड्यांत फिरवायचे, हे यातले मूळ तत्त्व आहे. दोन्ही पाणी एकत्र झाले तर कोणताही खड्डा पुरत नाही. कापडी गाळरोधक पडदे उतारावरून पसरून येणाऱ्या पाण्यासाठी उपयोगी आहेत. ते वाहत्या ओढ्यात आडवे उभारणे हा वारंवार दिसणारा गैरवापर होय.

ओढा ओलांडण्यासाठी केलेले तात्पुरते मातीचे वळणरस्ते पावसाळ्यापूर्वी नळांसह काढून टाकणे आवश्यक असते. ताज्या काँक्रीटचे धुवण ओढ्यात जाऊ देऊ नये, कारण सिमेंटमुळे पाण्याची अल्कता एकदम वाढून मासे मरतात. डिझेलचा साठा आणि यंत्रांची दुरुस्ती ओढ्यापासून दूर ठेवतात. उघड्या उतारांवर काथ्याची जाळी अंथरून गवत पेरणे ही पद्धत कोकणास सोयीची आहे: काथ्या स्थानिक आहे आणि मुळे धरेपर्यंत टिकून नंतर कुजून जातो. वाळ्याची लावणीही माती धरून ठेवण्यास उपयुक्त ठरते. कटाईची माती टाकण्याच्या जागा काम सुरू होण्याआधी ठरलेल्या, मोजलेल्या आणि पायथ्याशी जाळीबंध दगडी भिंत घातलेल्या असाव्यात, अन्यथा ती माती ओढ्यातच जाते.

कायदेशीर चौकट

लहान ओढ्याच्या काठापासून किती अंतर राखावे, याबाबत परदेशांतील काही नियम नेमके आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या बांधकामविषयक सर्वसाधारण परवान्यात पाण्यालगत ५० फूट (सुमारे १५ मीटर) नैसर्गिक पट्टा अबाधित ठेवण्याची किंवा तितकेच परिणामकारक पर्यायी उपाय करण्याची अट आहे. महाराष्ट्रात पाटबंधारे यंत्रणा नद्यांसाठी निळी व लाल पूररेषा आखते, पण पऱ्या आणि वहाळ बहुधा त्या आखणीबाहेर राहतात. राज्याचे २००० सालचे नदी नियमन क्षेत्र धोरण मुख्यतः उद्योगांच्या जागांपुरते होते. तेही २०१५ मध्ये रद्द झाले. पाणथळ जागांविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांतून नदीपात्रे वगळलेली आहेत.

या उणिवेत एक तरतूद उल्लेखनीय आहे. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ मधील प्रवाहाच्या व्याख्येत वाहता असो वा त्या वेळी कोरडा असो, प्रत्येक जलमार्ग येतो. कलम २४ नुसार, पाण्याच्या वाहण्यास अडथळा आणून प्रदूषण लक्षणीय वाढवील असा पदार्थ प्रवाहात जाणूनबुजून जाऊ देण्यास मनाई आहे. उन्हाळ्यात ओढा कोरडा होता, या सबबीला त्यामुळे कायद्यात जागा नाही.

पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत २०१३ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार राष्ट्रीय महामार्गाच्या विस्तारास पूर्वमंजुरी लागते ती लांबी १०० किलोमीटरहून अधिक असेल आणि अस्तित्वातील मार्गावर ४० मीटरहून, तर नव्या वळणमार्गावर ६० मीटरहून अधिक जादा जमीन लागत असेल तेव्हा. त्याखालच्या कामांना ही चाळणी लागत नाही. रस्त्यांसारख्या रेषीय प्रकल्पांसाठी साधी माती काढण्यास २०२० मध्ये दिलेली सूट सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये रद्द केली.

दोन उदाहरणे

उत्तराखंडमधील चारधाम महामार्ग हा सुमारे ८९० किलोमीटरचा रुंदीकरण प्रकल्प ५३ स्वतंत्र कामांत विभागला गेला. प्रत्येक काम १०० किलोमीटरहून कमी लांबीचे असल्याने समग्र मूल्यांकन झाले नाही. कटाईचा राडारोडा नदीत व उतारांवर टाकला जाणे हा तेथील वादाचा एक मुख्य विषय होता. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रवी चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमली. सप्टेंबर २०२० मध्ये न्यायालयाने ५.५ मीटर रुंदी ग्राह्य धरली होती. पुढे १४ डिसेंबर २०२१ च्या निकालाने संरक्षणाच्या गरजेमुळे अधिक रुंद दुपदरी रस्त्यास परवानगी देण्यात आली.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण मुंबई-गोवा महामार्गाचे (राष्ट्रीय महामार्ग ६६, पूर्वीचा १७). तो सह्याद्रीतून अरबी समुद्राकडे धावणाऱ्या सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री आदी नद्यांना, आणि त्यांच्यामधल्या असंख्य पऱ्यांना, आडवा जातो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल पुरात कोसळून बसगाड्या वाहून गेल्या. ती दुर्घटना जुन्या पुलाची होती, रुंदीकरणाची नव्हे. पण तिने वाहत्या पाण्याच्या वाटेतील बांधकामांच्या तपासणीकडे लक्ष वेधले. नवा पूल जून २०१७ मध्ये खुला झाला. चिपळूणजवळच्या परशुराम घाटात रुंदीकरणाच्या कटाईनंतर पावसाळ्यात दरडी कोसळत राहिल्या, आणि २०२२ च्या उन्हाळ्यात दुपारची वाहतूक थांबवून काम उरकावे लागले. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या महापुरानंतर वाशिष्ठी व शिव नद्यांतील गाळ काढण्याचे मोठे काम हाती घेण्यात आले. त्या गाळात महामार्गाच्या मातीचा वाटा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. डोंगरउतारावरील इतर झाडतोड आणि खोदकामेही त्याला कारणीभूत असतात.

काठांची पुनर्लागवड

तोडलेल्या झाडांच्या बदली लागवडीत संख्या मोजली जाते, जागा मोजली जात नाही. दुभाजकावर लावलेली कण्हेर आणि बोगनवेल रस्त्याची शोभा वाढवते, परंतु ओढ्याच्या काठावरून गेलेल्या जांभळाचे काम करत नाही. काठपट्टा पुन्हा उभारायचा तर त्याच ओढ्याच्या वरच्या भागात टिकून असलेल्या झाडांचे बी आणि छाट वापरणे इष्ट असते. वाळुंजाचे छाट ओल्या काठावर सहज रुजतात. करंजाचे बीही चांगले उगवते. पाण्यालगत गवत व झुडपे, त्यामागे मोठी झाडे अशी रचना ठेवतात. पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत गुरांपासून राखण करावी लागते, आणि पावसाळ्यानंतर दरवर्षी वाहून गेलेल्या जागा पाहून तेथे नव्याने लावणी करावी लागते. हे काम रस्ता खुला झाल्यानंतरचे असल्याने त्याची तरतूद मूळ कंत्राटातच, देखभालीच्या कलमाखाली, स्वतंत्र रकमेने केलेली असावी लागते.