उमेदवार : कुंडलच्या चावडीपासून पलूसच्या नगरपरिषदेपर्यंत

इ. स. १९१० च्या आरंभी बेळगावातील एका लहानशा कारखान्यावर संकट कोसळले. कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर तयार करणारा हा कारखाना लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा. ज्या जागेवर तो उभा होता, तीवर नवी वसाहत वसवावयाची असल्यामुळे जागा रिकामी करावी, असे तेथील नगरपालिकेने फर्मावले. लक्ष्मणरावांपुढे कारखाना मोडून टाकण्याचा प्रसंग आला. त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या कुंडल तालुक्यातील, कुंडल रोड स्टेशनाजवळची, बत्तीस एकर उजाड जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज त्यांना देऊ केले. निवडुंगाने व सापांनी भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, स्टेशनाचेही नाव पुढे बदलले, आणि शेजारच्या पलूस, कुंडल या गावांचे भाग्य पालटले.

या घटनेकडे उद्योगाच्या इतिहासातील एक रम्य प्रकरण म्हणून पाहण्याची रीत आहे. परंतु तिला दुसरीही बाजू आहे. नगरपालिका म्हणजे दिवाबत्ती, गटारे आणि झाडलोट, एवढीच कल्पना असणाऱ्या नागरिकाने हे ध्यानात घ्यावे की, एका नगरपालिकेच्या एका निर्णयाने एक कारखाना आपल्या गावातून उठला आणि दुसऱ्या मुलखात जाऊन स्थिरावला. तेथे कोण बसतो, कोणाच्या मताने बसतो आणि कोणत्या योग्यतेवर बसतो, हे प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नव्हेत.

‘उमेदवार’ हा शब्दच या बाबतीत फार बोलका आहे. रोमन लोकांत अधिकारपद इच्छिणारा गृहस्थ खडूने पांढरा केलेला झगा घालून लोकांत मिसळे. त्या पांढऱ्या झग्यावरून युरोपातील भाषांनी त्याचे नाव घेतले. (पांढऱ्या कपड्यांची ही हौस पुढे आपल्याकडेही आली, पण तो वेगळा विषय.) मराठीने मात्र फारशीतील ‘उमेद’ म्हणजे आशा हा शब्द घेतला, आणि तो कचेरीत बिनपगारी राबणाऱ्या तरुणाला लावला. मामलेदाराच्या कचेरीत सकाळपासून दिवेलागणीपर्यंत नकला करीत बसणारा, पुढेमागे कारकुनी मिळेल या आशेवर दिवस काढणारा, तो उमेदवार. आधी उमेदवारी, मग चाकरी, असा क्रम होता. निवडणुकीला उभा राहणारा मनुष्य या शब्दाचा धनी नंतर झाला, आणि त्याने नाव घेतले तरी क्रम घेतला असे मात्र नेहमी घडले नाही.

साताऱ्यात नगरपालिका १८५३ साली स्थापन झाली. १८५० च्या कायद्याखाली ज्या नगरपालिका निघाल्या, त्यांत प्रारंभी सभासद सरकारने नेमावयाचे असत. उमेदवाराला तेथे स्थानच नव्हते. तथापि नेमलेला सभासद नेहमी होयबाच असे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुण्यात जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पर्यंत सरकारनियुक्त सभासद होते. मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे हे घराणे. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शहर शृंगारण्यासाठी हजार रुपये खर्च करण्याचा ठराव नगरपालिकेपुढे आला, तेव्हा नेमलेल्या सभासदांपैकी एकट्या जोतीरावांनी त्यास विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असे त्यांचे म्हणणे. ज्यांची मते त्यांना मागावयाची नव्हती, त्यांच्या वतीने ते बोलले. निवडून आलेल्या पुष्कळ सभासदांना नंतरच्या काळात जे साधले नाही, ते या नेमलेल्या सभासदाने केले.

लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर चित्र बदलले. मुंबई इलाख्यात १८८४ साली झालेल्या कायद्याने नगरपालिकांत लोकनियुक्त सभासदांना मोठे स्थान मिळाले, आणि खऱ्या अर्थाने उमेदवार जन्मास आला. १८९५ साली लोकमान्य टिळक पुण्याच्या नगरपालिकेवर निवडून आले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविले. मात्र मत देणारा कोण, याचे उत्तर अगदी अरुंद होते. घरपट्टी भरणारा, मालमत्ता असणारा, काही ठिकाणी पदवी मिळवलेला पुरुष, एवढाच मतदार. भाड्याच्या खोलीत राहणारा मजूर किंवा गटार साफ करणारा माणूस या यादीत सापडत नसे. उमेदवाराला म्हणून थोड्या घरांचे उंबरे झिजवावे लागत आणि त्या थोड्या घरांचीच गाऱ्हाणी त्याच्या कानी पडत.

आता पुन्हा कृष्णाकाठच्या या मुलखाकडे वळावयाचे. एकाच शिवारात येथे दोन राज्ये नांदत होती. पलूस हे तासगाव तालुक्यातील, म्हणजे इंग्रजी अमलाखालील गाव. थोड्या मैलांवरचे कुंडल मात्र औंध संस्थानचे. संस्थानचे तुकडे विखुरलेले होते. औंध, आटपाडी, कुंडल आणि दूर विजापूरच्या बाजूस गुणदाळ, अशी ही सत्तर-पंचाहत्तर गावांची दौलत. १९३७ साली प्रांतिक निवडणुका झाल्या तेव्हा पलूसच्या शेतकऱ्याला मत होते किंवा नाही, हे तो सरकारला सारा किती भरतो यावर मुख्यतः अवलंबून होते. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा तीन कोटींहून थोडे अधिकच मतदार होते. कुंडलच्या शेतकऱ्याला तर इंग्रजी प्रांताच्या त्या निवडणुकीशी काही कर्तव्यच नव्हते.

आणि मग दोनच वर्षांत असा प्रकार घडला की, पलूसने कुंडलचा हेवा करावा. औंधचे राजे बाळासाहेब, म्हणजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, हे सूर्यनमस्कारांचे प्रचारक, चित्रकार, महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस लाख रुपयांचे साह्य देणारे गृहस्थ. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले. या दोघांच्या परिचयात मॉरिस फ्रीडमन हा पोलंडातील ज्यू अभियंता आला. बंगलोरच्या सरकारी वीजकारखान्याची व्यवस्था पाहणारा हा मनुष्य भगवी वस्त्रे नेसून भारतानंद हे नाव धारण करता झाला होता. राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती देऊन मोकळे व्हावे, ही सूचना त्याची. वृद्ध राजाने ती मानली, हेच नवल. मंडळी सेवाग्रामास गेली. गांधीजींनी घटनेच्या आराखड्यात स्वतः लक्ष घातले. आणि आप्पासाहेबांनी खेड्यांतून वर्षानुवर्षे राहून काम करावे, असे वचनही घेतले. जानेवारी १९३९ मध्ये औंधची स्वराज्य-घटना अमलात आली.

तिची रचना अशी. प्रत्येक गावाने पाच पंच निवडावयाचे. त्या पंचायतींच्या अध्यक्षांतून तालुक्याची पंचायत व्हावयाची, आणि तालुक्यांतून संस्थानच्या विधिमंडळावर प्रतिनिधी जावयाचे. गावातील तंट्यांचा निवाडा पंचायतीकडे आला, महसुलाचा मोठा वाटा तालुक्याच्या खर्चास मिळू लागला, आणि राजाच्या खाजगी खर्चाला मर्यादा पडली. इंग्रजांची सार्वभौम सत्ता वर होतीच. तिला या छोट्या संस्थानाने धक्का लावला असे नव्हे. पण उमेदवाराच्या दृष्टीने पाहिले तर या घटनेत एक फार मोठी गोष्ट होती. संस्थानच्या विधिमंडळात जाण्याची ज्याला इच्छा असेल, त्याला थेट तेथे उभे राहण्याची वाटच नव्हती. त्याने प्रथम आपल्या गावचा पंच व्हावयाचे. शेजाऱ्याच्या बांधाचा तंटा, पाण्याची पाळी, शाळेचे गळके छप्पर, यांत गावाने त्याला पारखून घ्यावयाचे, आणि मगच त्याला वरची पायरी. कचेरीतील जुन्या उमेदवारीचा क्रम राज्यघटनेत असा शिरला. पुण्यामुंबईचा वकील येऊन कुंडलच्या नावावर विधिमंडळात बसण्याचा धोका यामुळे उरला नाही.

या योजनेची दुबळी बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. वरच्या पायरीवर कोणाला चढवावयाचे हे मूठभर पंचांच्या हाती राहिले. आणि गावात पूर्वीपासून ज्याचे वजन, तोच पंच होण्याचा संभव अधिक. पाटलाचा वाडा आणि पंचायतीची चावडी यांतले अंतर कागदावर जितके होते तितके गावात होतेच असे नाही. दुसरी गोष्ट मताच्या अधिकाराची. त्याची सांगड जमिनीच्या साऱ्याशी न घालता अक्षरज्ञानाशी घालावी, असा गांधीजींचा आग्रह होता. गरिबाला धनवान होण्यास सांगण्यापेक्षा लिहिण्यावाचण्यास शिकण्यास सांगणे केव्हाही अधिक न्यायाचे, यात शंका नाही. तथापि १९३१ च्या शिरगणतीत हिंदुस्थानात शेकडा दहा माणसेही साक्षर नव्हती. धुळाक्षरे गिरवण्याची संधीच ज्यांना मिळाली नाही त्या स्त्रिया आणि महारवाड्या-मांगवाड्यांतील माणसे अशा अटीने आधी बाहेर राहावयाची, हे उघड होते. ज्यांना पंचायतीची सर्वांत अधिक गरज, त्यांचीच वाट लांबची. साक्षरतेचे वर्ग हाच त्यावरचा उपाय, आणि खेड्यांत फिरणाऱ्या कार्यकर्त्यांना तो वेळेशी शर्यत लावून करावा लागणार होता.

वेळ मिळाला नऊच वर्षे, आणि तीही कसली! १९४२ ची चळवळ पेटली. तासगाव, वडूज, इस्लामपूर येथे मोर्चे निघाले. वडूजला व इस्लामपूरला गोळीबारात माणसे पडली. पुढे १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटील, कुंडलचे जी. डी. लाड, वाळव्याचे नागनाथ नायकवडी यांच्या प्रतिसरकारने या भागात समांतर कारभार उभा केला. संस्थानी हद्दीत इंग्रजी पोलिसांना सहजासहजी शिरता येत नसे, म्हणून कुंडल हे त्यांचे मोठे ठाणे झाले. गावोगाव समित्या आणि न्यायदान मंडळे बसली. येथे मतपेटी नव्हती, अर्ज नव्हता, अनामत रक्कम नव्हती. गावाने मान्य केले म्हणून माणूस पुढे येई आणि पुढे येण्याची किंमत तुरुंग किंवा गोळी ही असे. ज्या मुलखाला पंच निवडण्याची व तंटे गावातच मिटवण्याची सवय नुकतीच लागली होती, त्याच मुलखात या समित्या रुजल्या, याला निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. मात्र भूमिगतांच्या न्यायात कठोर शासनेही होती, आणि निवडलेल्या पंचाला जसे पुढच्या वेळी घरी बसवता येते तसे बंदूकधारी कार्यकर्त्याला बसवता येत नाही, हा भेद विसरून चालत नाही. नाना पाटील स्वतः पुढे रीतसर उमेदवार झाले आणि १९५७ साली साताऱ्यातून लोकसभेवर निवडून गेले.

८ मार्च १९४८ रोजी औंधसह दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. पुढल्या वर्षी दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा निघाला. त्यालाच १९६० पासून सांगली म्हणतात. कुंडल आणि पलूस यांच्यामधली सरहद्द पुसली गेली, आणि औंधची घटनाही तिच्याबरोबर गेली. १९५२ च्या निवडणुकीत प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला, साक्षर असो वा नसो, मत मिळाले. वाट लांबची ज्यांची होती त्यांची ती एका फटक्यासरशी संपली. १९५९ साली ग्रामपंचायतींचा नवा कायदा अमलात आला, १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, आणि त्यांत जिल्ह्याच्या सभेसाठी थेट उभे राहण्याची मुभा उमेदवाराला मिळाली. गावचा पंच होण्याची पायरी आता सक्तीची राहिली नाही.

पलूस त्या काळात वाढत राहिले. ऊस, द्राक्षे आणि कारखाने यांनी ते गावाचे शहर केले; कुंडल ज्याच्यात येते त्या तालुक्याचे ते मुख्य ठिकाण झाले; आणि २०१६ साली ग्रामपंचायत जाऊन तेथे नगरपरिषद आली. त्याच वर्षी झालेल्या तिच्या पहिल्या निवडणुकीत नगराध्यक्षाची निवड थेट मतदारांनी केली. निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव होत्या. १८८४ च्या कायद्याने परीक्षा घेतली ती मतदाराची: तुझी मालमत्ता किती? पलूसच्या या निवडणुकीत मतदाराला असा प्रश्न कोणी केला नाही. तो केला उमेदवाराला, आणि शपथेवर. मिळकत किती, कर्ज किती, गुन्ह्याची नोंद आहे काय, घरात शौचालय आहे काय, अपत्ये दोहोंहून अधिक आहेत काय, हे सारे त्याने अर्जासोबत लिहून द्यावयाचे होते. गावच्या कोणत्या कामात त्याने किती वर्षे उमेदवारी केली, हे विचारणारा रकाना त्या अर्जात नव्हता. ते पलूसच्या मतदारालाच विचारावे लागले.